ओळख पटेपर्यंत

मालवाहू बोट बंधाऱ्यावर बोटी वर चढवणाऱ्या दोन दरवाजांमधल्या हौदात शिरली, पाणी वर चढू लागलं आणि तिथे परक्या माशांवर पहारा ठेवणाऱ्या दयाराम नान्हेच्या खोलीतला लाल दिवा लागला. बोटीच्या आडोशाने एक परका मासा वैनगंगेच्या वरच्या पाण्यात निघाला होता. असले दगडाला तोंडाने चिकटणारे, नदीतले मूळ मासे संपवणारे सकर मासे दयारामने नऊ वर्षांत एकट्याने हजारांनी जाळीत ओढून मारले होते. याच्या अंगात मात्र चिप होती, म्हणजे तो कुणाच्या तरी घरच्या काचेच्या टाकीतला होता. पडद्यावर मालकाचं नाव उमटलं: पौर्णिमा दयाराम नान्हे. त्याचीच मुलगी.

परके मासे जमा करायचा हुकूम निघाला तेव्हा पौर्णिमा बारा वर्षांची होती. मासा मेला, असं दयारामने तिला सांगितलं आणि मारायला मन धजावलं नाही म्हणून गुपचूप नदीत सोडला.

चिपवाला मासा मालकाने स्वतः येऊन ओळखल्याशिवाय मारता येत नसे. पौर्णिमा तर चार वर्षांत इकडे फिरकली नव्हती. दयारामने मासा पकडून खोलीतल्या टाकीत ठेवला आणि तिला फोन लावला.

"तुझा मासा सापडलाय. ओळखायला यावं लागेल तुला."

"तो तर मेला होता ना, बाबा?"

"नव्हता. खोटं बोललो होतो मी."

"मी ओळखला की तुम्ही त्याला मारणार?"

"नियम आहे, बाई."

"मग मी येत नाही," ती म्हणाली. "त्याला काकडी देत जा. आवडते त्याला."

दुसऱ्या दिवशी दयारामने बाजारातून दोन काकड्या आणल्या.