एक, दोन, तीन

"सरांनी चष्मा काढला की खालचा, लोकांचा माइक बंद. कळलं ना, काका?" मंत्र्यांचा सचिव साउंडवाल्याच्या कानाशी लागून म्हणाला.

कळायचं काय होतं त्यात? जुन्या मंत्र्यांची खूणही हीच होती. सरकार बदललं, मंचामागचा पडदा बदलला, पाण्याच्या बाटल्याही दुसऱ्या आल्या. खूण तेवढी खुर्चीबरोबर जशीच्या तशी पुढे आली होती.

सचिव त्याच्या ओळखीचा होता. जुन्या सरकारविरुद्धच्या आंदोलनाच्या हिवाळ्यात हाच गडी केबलच्या वेटोळ्यावर डोकं टेकून झोपायचा. तेव्हा साउंडवाला त्याला 'अरे' म्हणायचा. आता 'अहो' म्हणावं लागत होतं. सरकार बदलल्याचा एवढा एकच फरक त्याच्या पदरात पडला होता.

मंत्रीही ओळखीचेच. मंत्री होण्याआधी ते कॉलेजात शिकवायचे, म्हणून अजूनही सगळे त्यांना सरच म्हणत. याच सभागृहात ते एकदा प्रश्न विचारायला उभे राहिले होते. मंचावर जुन्या मंत्र्यांचा चष्मा निघाला आणि साउंडवाल्याने बटण दाबलं. सर खुर्चीवर चढले आणि नुसत्या गळ्याने असे ओरडले, की दुसऱ्या दिवशी गावभर त्यांचंच नाव. साउंडवाल्याला मात्र घास गोड लागेना. त्याने अख्खा हिवाळा आपले कर्णे आंदोलनाला फुकट दिले. "सरांना मी मोठं केलं, एका बोटाने," असं तो चहाच्या टपरीवर सांगायचा. लोक हसायचे. हल्ली तो सांगत नव्हता आणि लोकही हसायच्या मनःस्थितीत नव्हते.

गल्लीतला दवाखाना जुन्या सरकारने बंद केला होता. नवं सरकार आल्या आल्या तो उघडणार होतं. झालं एवढंच, की गंजलेल्या कुलपाच्या जागी नवं कुलूप आलं. इकडे साउंडवाल्याच्या आईच्या पायाची जखम चिघळत चालली होती. पूर्वी दवाखान्यातली नर्स घरी येऊन पट्टी बदलायची. आता बायको बदलायची, तिला जमेल तशी. मोठं हॉस्पिटल दोन बस बदलून, आणि तिथला डॉक्टर परवा म्हणाला होता, "रोज नीट ड्रेसिंग झालं नाही तर पाय काढावा लागेल."

"मीही येणार आज सभेला," बायको सकाळी म्हणाली होती.

"येऊन काय दिवे लावणार? बस घरी. सगळे एकाच माळेचे मणी."

"असू देत. तुम्ही जाताच ना?"

"मी कामाला जातो."

"मग मीपण कामालाच येते. आईंचा पाय आहे तो, राजकारण नाही."

त्याने केबलचं वेटोळं खांद्यावर टाकलं. तसाही तो टपरीबाहेर बोलणारा माणूस नव्हता. उभ्या आयुष्यात माइकवर त्याने 'हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन' याखेरीज शब्द काढला नव्हता. गल्लीत त्याला एकदोनतीन म्हणूनच ओळखत.

सभागृह अर्धंच भरलं होतं. त्यातही निम्मे कचेऱ्यांतून पाठवलेले कर्मचारी, टाळ्या कुठे वाजवायच्या ते पक्कं ठाऊक असलेले. बाकीचे जांभया देत होते. बायको मधल्या रांगेत बसली होती. प्रश्न विचारायचा नंबर आला तशी ती उठली आणि खालचा माइक दोन्ही हातांत धरला.

"सर, दवाखाना उघडू म्हणाला होतात. आमच्या ओट्यावर बसून म्हणाला होतात. माझ्या सासूबाईंनी तुम्हाला चहा दिला होता, त्याच पायांनी चालत येऊन. आता तो पाय..."

सरांनी चष्मा काढला.

साउंडवाल्याचं बोट डोक्याच्या आधी गेलं. इतक्या वर्षांची सवय. बायकोचे ओठ हलत राहिले, आवाज येईना.

"काहीतरी तांत्रिक बिघाड दिसतोय," सर गोड आवाजात म्हणाले. जुने मंत्रीही हेच म्हणायचे. "पुढचा प्रश्न घेऊ या."

बायको खुर्चीवर चढली नाही. ओरडलीही नाही. तिने मान वळवून कोपऱ्यातल्या टेबलाकडे पाहिलं. ज्या बाईच्या घरात संध्याकाळी माइक दुरुस्त होतात, तिला बिघाड कशाला म्हणतात हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. ती रागावलेली दिसली असती तर बरं झालं असतं. ती फक्त दमलेली दिसली. तिने माइक अलगद खुर्चीवर ठेवला, पिशवी उचलली आणि दाराकडे चालू लागली.

साउंडवाल्याने टेबलाखालच्या पेटीतून आपला टेस्टिंगचा माइक काढला. मंचावरच्या माइकचा आवाज पार खाली ओढला आणि उभा राहिला.

"हॅलो, हॅलो. एक, दोन, तीन."

कोणी वळूनही पाहिलं नाही. सचिवाने दारातून अंगठा वर केला: छान, दुरुस्त करा. तीननंतर हा माणूस माइक खाली ठेवतो, हे सगळ्यांना पाठ होतं. एकटी बायको दारात थबकली, कारण त्याने माइक खाली ठेवला नव्हता.

"आमच्या गल्लीतला दवाखाना," कर्ण्यांतून आवाज आला, खणखणीत, "कधी उघडताय?"

सरांनी घाईघाईने चष्मा काढला. पुन्हा घातला, पुन्हा काढला. पण त्या खुणेवर बटण दाबणारा सभागृहात एकच माणूस होता, आणि तो आता बोलत होता.