कागदोपत्री स्वयंपाकी

मस्कतच्या अमेरिकी दूतावासात नोकरीवर असतानाच बाबा वारले. शवपेटीसोबत ओहायोला परतायचं तिकीट सरकारनं फक्त मला, मुलीला, दिलं. नऊ वर्षं त्यांच्याबरोबर संसार केलेला रसेल सरकारच्या लेखी घरचा नव्हता. इथं राहता यावं म्हणून कागदोपत्री तो बाबांचा स्वयंपाकी होता. आता वारसानं, म्हणजे मी, कामावरून मोकळं केल्याचं पत्र दिलं, तरच त्याला देश सोडून अंत्यविधीला येता येणार होतं.

त्या पत्राचा छापील फॉर्म मी सही न करता दोन दिवस पर्समध्येच ठेवला. बाबांची नऊ वर्षं त्याला मिळाली होती. शेवटचा दिवस तरी माझा एकटीचा असावा, असं वाटत होतं.

"असं काय खाऊ घालायचात हो त्यांना, की घरी यावंसंच वाटलं नाही?" मी विचारलं.

"मी? अगं पोरी, मला अंडंसुद्धा उकडता येत नाही. रोज तुझा बाबाच करायचा. मी नुसता नावं ठेवायचो," म्हणत रसेल हसला, आणि मग त्याला हुंदका आवरेना.

मी सही केली आणि 'कामाबद्दल शेरा' या रकान्यात लिहिलं:

"आमच्या घरी ज्यांनी कधी स्वतःची कॉफीही केली नाही, त्यांच्याकडून यानं नऊ वर्षं स्वयंपाक करून घेतला."