टाकी साफ आहे

तोंडाला रुमाल बांधून संतोष टाकीच्या काठावर उकिडवा बसला होता. भगवानदादांनी टाकीत मान घातली, दोनदा खोल श्वास घेतला आणि मान वर काढून म्हणाले, "साफ आहे. उतर."

आनंदनगरच्या त्या कारखान्यात चपला-बूट चिकटवायचं सोल्युशन बनत असे. आतला थर खरवडायला माणूस उतरणार असला की आधी भगवानदादांनी वास घ्यायचा, ही तिथली पद्धत. सव्वीस वर्षांची. गॅस मोजायचं मीटर होतं, पण ते ऑफिसच्या कपाटात असायचं आणि तपासणीला कुणी आलं तरच बाहेर निघायचं. दादांच्या नाकाला ना सेल लागत, ना चार्जिंग. त्यांनी 'साफ' म्हटलं की विषय संपला.

आजची ही शेवटची खरवडणी होती. दुपारपासून या टाकीत पाण्यावर बनणारं नवं सोल्युशन पडणार होतं. त्यात जुनं विषारी सॉल्व्हंट नाही, डोक्यात चढणारा भपकारा नाही. टाकी धुवायला वरून पाण्याचा पाइप सोडला की झालं, माणसाने उतरायलाच नको. दादांना हे सगळं फॅड वाटत होतं. "ज्याला वास नाही ते चिकटणार काय, कप्पाळ?" असं ते पंधरा दिवस ज्याला त्याला ऐकवत होते.

संतोषने एक पाय टाकीत सोडला, तेवढ्यात मागून आवाज आला.

"थांब! पाय बाहेर काढ आधी." लॅबमधली केमिस्ट मनाली दहा पावलांवर उभी होती आणि ओढणीने डोळे पुसत होती. "काका, आत सॉल्व्हंट आहे. मला इथपर्यंत वास येतोय."

"मॅडम, तुम्हाला इथे येऊन सहा महिने झाले," दादा म्हणाले. "मी सव्वीस वर्षं हेच करतोय."

सुपरवायझर महेंद्र घड्याळ बघत आला. "क्या हुआ? उल्हासनगरची पार्टी दुपारी येतेय नवा माल बघायला. बाराच्या आत टाकी पाहिजे मला."

संतोषचा पाय अजून आतच होता.

मनाली तशीच लॅबकडे धावली आणि दोन बाटल्या घेऊन आली. दोन्ही सारख्या, दोन्हींवर चिठ्ठी नाही. "काका, यात नवा माल कुठला, तेवढं सांगा. तुम्ही ओळखलंत तर मी सगळ्यांसमोर माफी मागते."

दादांना हसू आलं. चार-पाच जण हातातलं काम टाकून जमले होते. दादांनी एक बाटली नाकाला लावली, मग दुसरी, मग परत पहिली.

"मला उल्लू बनवतेस काय?" ते म्हणाले. "दोन्ही तुझ्या नव्या मालाच्याच. नुसतं पाणी आहे."

कुणी हसलं नाही. त्यांच्या डाव्या हाताला उभा असलेला महेंद्र नाक दाबून दोन पावलं मागे सरकला होता. दादांनी ते पाहिलं. मग एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. प्रत्येकाने नजर चुकवली.

"डाव्या हातातली सॉल्व्हंटची आहे, काका," मनाली हळू आवाजात म्हणाली. आपलं खरं झालं याचा तिला जराही आनंद झाला नाही. म्हाताऱ्या माणसाला असं चारचौघांत उघडं पाडायला नको होतं, असं वाटून ती मनातून शरमली.

दादांनी ती बाटली पुन्हा नाकाशी नेली, अगदी नाकपुडीला टेकवली. शेवटी महेंद्रने ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

गेली दोन वर्षं ते घरी बायकोशी, गयाबाईंशी भांडत होते. कोथिंबिरीला वास नाही, बुद्धवंदनेच्या अगरबत्तीला वास नाही, सुकटीलासुद्धा वास नाही, सगळा माल डुप्लिकेट आणतेस. बिचाऱ्या गयाबाईंनी अख्खं अंबरनाथ पूर्व पालथं घालून दुकानं बदलली होती.

दादा खाली वाकले. संतोषच्या काखेत हात घालून त्यांनी त्याला बाहेर ओढलं आणि टाकीचं झाकण धाडकन लावलं.

"मीटर आण," ते महेंद्रला म्हणाले. "पार्टी बसेल थांबून."

"आणतो दादा, आणतो. तुम्ही बसा जरा. पाणी घ्या. वयाने होतं असं."

दादा जवळच्या ड्रमवर बसले. पाण्याचा ग्लास त्यांनी घेतला, पण प्यायले नाहीत.

"सदू," ते म्हणाले.

चिखलोलीचा सदू गेल्या दिवाळीच्या आठवड्यात याच टाकीत उतरला होता आणि त्याला ओढून बाहेर काढावं लागलं होतं. दवाखान्यात पोचेपर्यंत तो संपला होता. त्याच्या तिरडीला दादांनी खांदा दिला होता.

"अटॅक होता त्याला, दादा," महेंद्र घाईघाईने म्हणाला. "रिपोर्ट आहे तसा."

"उतरायच्या आधी तो मला बोलला होता, 'दादा, वास येतोय,'" भगवानदादा म्हणाले. "मी त्याला घाबरट म्हटलं."