तासभर

"गेल्या आठवड्यात पैशांसाठी तासभर तरी काम केलंत का, काकू?" दारातल्या मुलीने टॅबलेटवर बोट टेकवत विचारलं.

वैजयंताबाईंच्या हातातली सुई थांबली. हाच प्रश्न त्यांनी सरकारी सर्वेक्षणासाठी अकरा वर्षं दारोदार विचारला होता. माग बंद पडलेल्या एका विणकराने त्यांच्यापुढे हात जोडले होते, "बाई, बेकार लिहा हो. तासभर टेम्पो रिकामा केला, एवढंच."

"तासभर केलंत ना? मग तुम्ही बेकार नाही," असं सुनावून त्यांनी नियमावर बोट ठेवलं होतं. आपल्या फॉर्मात कधी चूक निघाली नाही, याचा केवढा तोरा होता त्यांना! मग आकडेवारी आणखी अचूक व्हावी म्हणून टॅबलेट आले आणि कंत्राटावरच्या त्यांच्यासारख्या जुन्या बायका घरी बसल्या.

"परवा शेजारणीच्या साडीला फॉल लावून दिला, पैसे घेऊन," त्या म्हणाल्या.

मुलगी घुटमळली. "एवढ्याला काय काम म्हणायचं? बेकारच लिहिते."

"खबरदार!" वैजयंताबाईंचा आवाज चिरकला. "तासभर केलंय मी. मी बेकार नाही. लिही!"