ओळखा बघू!

लेकीने आईच्या वाढदिवसाला अत्तराच्या छोट्या बाटल्यांची पेटी पाठवली आणि घरात रोज सकाळी परीक्षा सुरू झाली. बायको मनगटाला थेंबभर अत्तर लावायची आणि हात नवऱ्याच्या नाकापुढे धरायची. "ओळखा बघू!"

शेजाऱ्यांकडे काय शिजतंय ते जिन्यावरूनच सांगणारं त्याचं नाक गेल्या तापात कामातून गेलं होतं. कशाचाच वास येत नव्हता. पण हिला कळलं तर ही जिवाला घोर लावून घेईल, म्हणून त्याने तोंडातून ब्र काढला नव्हता. नशिबाने, घर आरशासारखं लख्ख ठेवणारी बायको अलीकडे विसराळू झाली होती. लावलेल्या अत्तराची बाटली रोज टेबलावरच राहायची. तो हळूच नाव वाचायचा आणि डोळे मिटून सांगायचा, "मोगरा! पण जरा उग्र आहे हं."

"नाक आहे की काय!" ती खूश व्हायची.

आज त्याने "गुलाब" म्हटलं. "अगदी बरोबर!" म्हणत ती स्वयंपाकघरात गेली. पेटीत ठेवायला म्हणून त्याने बाटली उचलली, तर तिचं सील अजून फोडलेलंच नव्हतं.

त्याने बाटली होती तिथेच टेबलावर ठेवली. मग घसा खाकरून म्हणाला, "अगं, उद्याची बाटली जरा उजेडात ठेव. नावं फार बारीक आहेत."

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

"उजेडातच ठेवते रोज," ती म्हणाली. "तुम्ही चष्मा पुसत जा."