नव्वद दिवसांचं घर

कॅटलॉगमधून मागवलेलं अख्खं घर एप्रिलमध्ये सुट्या भागांत, अमेरिकेतल्या आयोवात, गस्टाव्हच्या गावच्या स्टेशनावर मालगाडीनं उतरलं. प्रत्येक वाशावर, प्रत्येक फळीवर आकडा छापलेला होता. सोबतच्या माहितीपुस्तकात कंपनीची हमी होती : 'साधारण अकलेचा कोणताही माणूस हे घर नव्वद दिवसांत उभं करू शकतो.'

"पुस्तक वाचून घर बांधायला मी काय शाळामास्तर आहे?" म्हणत गस्टाव्हनं ते चुलीत घातलं.

ऑक्टोबर संपत आला तरी त्याची बायको हिल्मा दोन्ही पोरांना घेऊन गोठ्यात, गाईंशेजारीच झोपत होती. नव्या घराचा जिना वर जाऊन थेट भिंतीला थडकत होता.

"त्या लोकांनी सामानच अर्धवट पाठवलंय," गस्टाव्ह म्हणाला. "तुझं अक्षर बरं आहे. काय काय राहिलंय ते खडसावून लिही त्यांना."

हिल्मा कागद घेऊन बसली.



'महोदय, खिळान् खिळा मिळाला. फक्त तो साधारण अकलेचा माणूस तेवढा कुठल्याच खोक्यात सापडला नाही. बर्फ पडायच्या आत पाठवून द्यावा.'