चिन्ह बदललंय

घाटकोपरच्या सभेच्या गेटवर जानकीची पाण्याची बाटली काढून घेतली, छत्रीही घेतली. पिशवीतून घडी घातलेला जुना झेंडा निघाला, तेव्हा मात्र कार्यकर्ता थबकला.

"काकी, हा आत चालणार नाही. पक्ष फुटला ना, चिन्ह बदललंय. हा आता त्यांचा झेंडा."

"अरे, मोर्चात माझा लेक नितेश गेला, तेव्हा तुमच्या साहेबांनीच स्वतःच्या हाताने त्याच्या अंगावर घातलेला रे हा."

"वरून ऑर्डर आहे, काकी." त्याने खाली मान घालून नवाकोरा झेंडा पुढे केला.

जानकीने तो घेतला नाही.

"मग बाळा, माझा नितेश नक्की कोणासाठी गेला, तेवढं साहेबांना विचारून ये."